दिवसाला पाच डॉलर

पुस्तकात बेचाळीस गाठी आहेत.
प्रत्येक गाठीखाली एक नाव : ती मला कुणी शिकवली.
लूननबर्गच्या शिडांच्या कारखान्यात एकतीस वर्षं
ही माणसं माझ्या डावी-उजवीकडे बसली.
त्यांतली निम्मी आता टेकडीवर आहेत,
बंदराकडे पाय करून.

तीनशे प्रती छापल्या. पदरमोड करून.
जिन्याखाली खोकी रचताना क्लॅरिस म्हणाली,
"ऑरिन, लोकांना कळणार कसं?"
म्हणून पुतण्याने जाहिरात लावून दिली,
दिवसाला पाच डॉलर.

पहिली नामंजूर झाली.
मुखपृष्ठावर दोर दिसतो, म्हणाले,
आणि दोर म्हणजे इजेला उत्तेजन.
मी लिहिलं : साहेब, फास आवळतो,
ही गाठ आवळत नाही. तोच तर तिचा गुण.
हिच्या भरवशावर माणसं डोलकाठीवरून उतरलीत,
जिवंत.
उत्तर चाळीस सेकंदांत आलं.
चाळीस सेकंदांत नवशिक्याचं
पहिलं वेटोळंसुद्धा होत नाही.

मग पुतण्याने दोराच्या जागी सीगल टाकला.
लगेच मंजूर.
आता पक्षीप्रेमी येतात,
दाराशी घोटाळतात, जातात,
आणि दर घोटाळण्याचे एकेचाळीस सेंट.

"तुमचा वाचक कोण?" यंत्र विचारतं.
वय, उत्पन्न, आवड. चौकटीत खूण करा.
नौकाविहारावर खूण केली, तर यॉटवाले आले,
ज्यांच्या गाठी दुसरं कुणी मारतं.
हस्तकलेवर केली, तर कुंड्या टांगायची
जाळी विणणाऱ्या बायका आल्या.
भल्या होत्या. एकीने विचारलंसुद्धा,
रंगीत दोरा चालेल का.
पण फेब्रुवारीत बोटी बांधून पडल्या
की ज्यांचे हात मांडीवर नुसते राहतात,
दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे,
त्यांच्यासाठी चौकट नव्हती.

तीन आठवडे झाले.
जाहिरात दिसली अकरा हजारांना.
दार ढकललं दोनशे छप्पन्न जणांनी.
विकत घेतलं एकाने, सस्कॅचवानमध्ये,
जिथे गहू आहे, समुद्र नाही,
आणि तेही परत आलं.
कारण : मुलाला बुटाची नाडी बांधायला शिकवायची होती.
आहे की. पान सतरा. मर्ल झिंककडून शिकलेली.
त्याने सतरापर्यंत उलटलंच नसणार.

काल वाऱ्याचा अंदाज बघायला हवामानाचं पान उघडलं,
तर कडेला तोच सीगल,
खाली माझं नाव.
क्षणभर बरं वाटलं,
कुणीतरी मला शोधत आल्यासारखं.
दाबलं.
एकेचाळीस सेंट.
गाठीला होतं ते असं गेलं,
आणि गाठ पडली कुणाशी,
तर माझीच माझ्याशी.

आज सकाळी धक्क्यावर आग्नेयेचा वारा.
नॉलच्या बोटीवरचा नवा पोरगा
खुंट्याला दोर नुसताच गुंडाळत होता,
आजाऱ्याला शाल गुंडाळावी तसा.
मी काही बोललो नाही. हातमोजे काढले,
मारून दाखवली.
"पुन्हा," तो म्हणाला.
पुन्हा.
मग त्याच्या हातात दोर दिला.
तीनदा सुटली. बोटं लाल झाली त्याची.
चौथ्यांदा बसली, आणि बोट
तिच्यावर भार टाकून उभी राहिली.
गाठ कुणाची, त्याने विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही,
आणि पुस्तकाचं तर
घरी पोचेपर्यंत आठवलंच नाही.

स्क्रीनवर निरोप होता :
तुमची जाहिरात छान चालली आहे. बजेट वाढवायचं?
क्लॅरिस खांद्यामागून वाचत होती.
वाटलं, आता नको म्हणेल.
ती जिन्याखालच्या खोक्यांकडे बघत राहिली.

सात केले.